मास्तरांच्या गोळीचं लेबल

शिंपी मास्तर कापड असं बेतायचे, की दुकानातली केराची टोपली रोज उपाशी झोपायची. चिक्कूपणात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाजारातल्या एका बड्या दुकानाचे शर्ट तेच शिवत आणि त्याच ताग्यातून, त्याच दोऱ्याने शेजाऱ्यांचेही. फरक काय तो कॉलरमागच्या लेबलचा. त्या चिंधीसाठी चौपट मोजणाऱ्यांना मास्तर खुशाल वेड्यात काढत.

गेल्या वर्षी मात्र या माणसाचं मनच उसवलं. मशीनसमोर बसायचे, पण पाय हलायचा नाही. अन्न गोड लागेना, कोणी नुसतं “झाला का शर्ट?” विचारलं तरी डोळे भरून यायचे. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उदासीवरची गोळी सुरू झाली आणि हळूहळू मास्तर पुन्हा शीळ घालू लागले. त्या बेसूर शिळेने पूर्वी बायकोचं डोकं उठायचं. आता तीच शीळ ऐकून ती स्वयंपाकघरात पदराने डोळे टिपायची.

पण गोळी महाग. औषधाचं बिल बघितलं की मास्तरांना उदासीचा नवा झटका यायचा. मग त्यांनी गुपचूप स्वतःची अक्कल चालवली. गोळीवर खडूने रेघ मारली, कात्रीने बरोबर मधोमध कापली आणि एका गोळीत दोन दिवस बसवले!

शीळ थांबली. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, तेव्हा बायकोला संशय आला. तिने मशीनचा खण उघडला, तर आत अर्ध्या गोळ्यांची रास आणि शेजारी खडू.

बायकोने त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई उखडल्याच. “मी दिलेलं माप तुम्ही परस्पर निम्मं करता? मास्तर, हे कापड नाही! मला न विचारता औषध कमी करायचं नाही. परवडत नाही, तर तोंड उघडून सांगायचं. हेच औषध साध्या नावानेही मिळतं. तेवढ्याच ताकदीचं, आणि किंमत जेमतेम पाव.”

बायकोने परतताना ती गोळी घेतली. मास्तरांनी नाक मुरडलं. “पाव किमतीत काय येणार? खडूच असेल. मी नाही घेणार.”

महागडी परवडेना आणि स्वस्त घशाखाली उतरेना. म्हणजे पुन्हा ते गप्प मशीन, पुन्हा ती भरल्या ताटासमोर खाली गेलेली मान. बायको दुकानात जाऊन बसली.

जेवणानंतर तिने मास्तरांपुढे एक छोटी कापडी पिशवी ठेवली. आत स्वस्त गोळ्या. बाहेर, ठळक दिसेल असं, बड्या दुकानाचं लेबल शिवलेलं.

“हे काय?”

“आता झाली ना भारी? लेबल बघून पैसे मोजणारे वेडे, असं तुम्हीच म्हणता. आज गिऱ्हाईक तुम्ही आहात.”

मास्तरांनी लेबलवरून बोट फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बायको घाबरली, पण ते हसत होते.

“टाका मात्र वाकडा घातलास,” ते म्हणाले.

“अहो, गिळा आता. अख्खी. कात्री मी लपवली आहे.”

उदासी काही लगेच पळाली नाही. काही आठवडे गेले. मग एका सकाळी मशीन चालू झालं आणि त्यावर शीळ, पूर्वीइतकीच बेसूर. आत फोडणी तडतडत होती. बायकोने गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.