दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

काल फुलपाड्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी किंचाळली आणि तापलेल्या रबराचा वास आला. त्या वासासरशी मी मनानं लहानपणीच्या आगाशीला, पेद्रू अंकलच्या गॅरेजात जाऊन पोचलो.

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन तेव्हा सारखं कण्हायचं. दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन उघडायला सांगितलं होतं, आणि बाबा जड मनानं गाडी भंगारात काढायला निघाले होते. त्याआधी शेवटचं म्हणून आम्ही ती अंकलना दाखवायला आणली.

अंकलनी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "आवाज बदलला?"

मी मान हलवली. "नाही."

"मग पट्टा नाय."

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पट्टा फिरवणाऱ्या एकेका पुलीच्या बोल्टवर टेकवलं आणि त्याची लाकडी मूठ चक्क दातांत धरली. डोळे मिटले. तिसऱ्या पुलीवर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हिचं बेअरिंग रडतंय. इंजिन एकदम ठणठणीत हाय."

पुली बदलली आणि कण्हणं थांबलं. बाबा त्यांच्या पाठीमागून दोनदा म्हणाले, "पेद्रूभाऊ, फार उपकार झाले!" अंकल वळलेच नाहीत, हात पुसत राहिले. काय हा माणसाचा ताठा, असं मला वाटलं.

कितीतरी वर्षांनी त्यांच्या मुलीकडून कळलं, अंकलच्या कानांनी तेव्हाच दगा दिला होता. ते ओठांवरून बोलणं ओळखायचे. साऱ्या आगाशीच्या गाड्यांचं दुखणं दातांनी ऐकणाऱ्या त्या माणसापर्यंत बाबांचे आभार पोचलेच नव्हते.