दर माणशी सरासरी

चौसाळ्यात हायवेला टायरवाल्या चाचांच्या दुकानावरच्या खोलीत मी गावातल्या पोरींना संख्याशास्त्राचं प्रोग्रामिंग शिकवतो. इंटरनेटवरच्या तयार सरावात सगळे परदेशी फुलांचे न् मोटारींचे आकडे. म्हटलं, आपल्या पोरींना हे कशाला? आपल्या मातीतला सराव आपणच करू! झालं, गडी पेटला. स्क्रीनवर प्रश्न यायचा, खाली कोड लिहायचा. बरोबर आला की पुढचा प्रश्न उघडायचा, चुकला की लाल अक्षरात माझा शेरा. शेरे लिहिताना तर मला लईच चेव आलता. तिसऱ्या प्रश्नाला लिहिलं, 'सोपं हाय, पहिलीतलं पोरगं सांगल.' स्वतःच वाचून स्वतःच हसलो.

तो प्रश्न असा: ऊसतोडीच्या टोळीत दहा कोयते. प्रत्येक कोयत्यानं दिवसभरात किती टन ऊस तोडला ते दिलंय. दर माणशी सरासरी काढा. माझं उत्तर, दोन टन.

सगळ्या पोरी दोन लिहून पुढं गेल्या. एकच अडकली. चार दिवस रोज येऊन ती 'एक' लिहायची, न् मशीन रोज तिला पहिलीतल्या पोराचं सांगायची. मी खाली चहा पिताना चाचांना म्हणालो, "एक पोरगी लई ढ हाय बगा." चाचांनी नुसता माझ्या हातातला रिकामा कप काढून घेतला. ते शहाणे आहेत.

पाचव्या दिवशी ती दप्तर काखेत धरूनच आली. "सर, उद्यापासून न्हाई येत मी. माझ्या डोक्यात न्हाई शिरत हे." घरून तिला सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत जमलं तर शीक, न्हाईतर भावासंगं ऊस तोडायला चल. दिवाळी आठवड्यावर आलती.

मी मोठ्या मनानं म्हणालो, "बस, समजावतो." तिचा कोड उघडला. सरासरी चोख काढलेली. मग तिला दोननं भागलेलं.

"हे दोन कुठून आणलं?"

"एका कोयत्यात दोन माणसं असत्यात ना सर. बापासंगं मायबी तोडती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत न्हाई. दर दिवाळीनंतर बायामाणसांनी भरलेले ट्रॅक्टर जाताना बघतच मी वाढलो. न् मातीतला सराव करायला बसलो, तर निम्मी माणसं खाल्ली! वर शेरा, पहिलीतलं पोरगं सांगल म्हणं. कुठलं पोरगं? ते तर माझ्यापेक्षा बरं निघालं असतं.

तिच्यासमोरच उत्तर बदललं. शेरा खोडला. पुढचा प्रश्न उघडला. म्हणालो, "चुकलं माझं. तुझंच बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून."

ती हसली न्हाई की रागावली न्हाई. काखेतलं दप्तर खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मग उद्या येऊ का मी?"

खरं तर हे मी विचारायला पायजे होतं, येशील का म्हणून.