भात्यामागून ऐकलेला लुसियाँ

डब्लिनजवळच्या ल्यूकनहून आठ वाजता निघायचं ठरलं होतं, निघालो साडेदहाला. दोष जावयाचा. निनाद लिक्सलिपच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथे म्हणे धुळीचा एक कण चालत नाही, पण याच्या गाडीच्या मागच्या सीटवर गेल्या महिन्यातली बिस्किटं सापडतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं असा डबा बांधून मी सात वाजल्यापासून दारात उभी. मुलगी मृणाल म्हणाली, "आई, रिलॅक्स! लाँग वीकेंड आहे, आपल्याला काही ट्रेन पकडायची नाहीये." मी साताऱ्याची. एस.टी. पकडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना रिलॅक्स होता येत नाही.

डब्लिनच्या आसपासची नवी, एकसारखी घरं मागे पडली तसा आयर्लंड मला जरा दिसायला लागला. सपाट, ओला, हिरवा मुलूख. कुंपणं, गाई, पुन्हा कुंपणं. मधेच काळपट उघडी जमीन आणि तिच्यावर रचून ठेवलेले टर्फचे (दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचे, हिवाळ्यात चुलीत जाळतात) ढीग. आपल्याकडच्या गोवऱ्यांच्या उडव्यांची आठवण झाली. पाऊस पडत होता असं म्हणवत नाही, पण थांबलाही नव्हता. पबच्या आत सिगारेट ओढायला नुकतीच बंदी आली होती, त्यामुळे प्रत्येक गावात पबच्या दाराबाहेर चार-सहा बापे खांदे आखडून, ओले होत धूर काढत उभे होते.

शॅनन नदीकाठच्या एका लहान गावात आमची दोन रात्रींची सोय केली होती. घरमालकीण मोरीन, साठीची, गुटगुटीत, बोलायला चौघींना भारी. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर ती क्षणभर गंभीर झाली. मग म्हणाली, "ग्रँड!" हा शब्द इथे (ठीक, छान, होईल, जाऊ दे, सगळ्याच अर्थांनी) दिवसातून शंभरदा ऐकू येतो. तिने घरचा सोड्याचा खरपूस तपकिरी पाव, लोणी आणि बटाट्याचं सूप पुढे ठेवलं. मी लोणच्याची बाटली काढली. तिने एक फोड पावाला लावून खाल्ली, डोळे मिटले, आणि दुसरी घेतली. त्या फोडीने आमची मैत्री झाली.

मी काय करते, असं तिने विचारलं. मी शाळेतून निवृत्त झालेली संगीतशिक्षिका. त्याशिवाय चाळीस वर्षं पेटी वाजवते. कीर्तनाला, भजनाला, कुणाच्या गाण्याला साथ करते. पेटी म्हणजे काय ते सांगायला मी उजव्या हाताची बोटं नाचवली आणि डाव्या हाताने हवेतच भाता मारला. मोरीनने चमचा खाली ठेवला.

"तुम्ही भाता मारता? मग आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चला."

चर्चकडे चालता चालता तिने जे सांगितलं ते असं. गावच्या चर्चमध्ये नळ्यांचा जुना ऑर्गन आहे. तो चौतीस वर्षं एक फ्रेंच माणूस वाजवतोय, लुसियाँ नावाचा. उद्याचा रविवार त्याचा शेवटचा. मंगळवारी तो फ्रान्सला बहिणीकडे कायमचा जाणार. आणि नेमकी गुरुवारी ऑर्गनला हवा पुरवणारी विजेची मोटर जळाली. नवा भाग आठवड्याभराने येईल. मोटर नव्हती तेव्हाचा जुना दांडा अजून आहे, पण तो हाणणारं कुणी धड मिळत नाही.

"पण खरी काळजी ती नाही," मोरीन म्हणाली. "लुसियाँ मनाने वाजवायचा. कागद नाही, पुस्तक नाही, तिथल्या तिथे. त्यासाठी शेजारच्या गावांतून माणसं यायची. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नोरा गेली, आणि त्या दिवसापासून तो फक्त पुस्तकातलं वाजवतो. आम्ही सगळ्यांनी विनवलं, जाण्याआधी एकदाच तुझं वाजव. नाही म्हणतो. असाच निघून जाणार तो."

ऑर्गन वर, दाराच्या माथ्यावरच्या सज्ज्यात होता. गोल जिना चढून गेलो तर एक उंच, वाकलेला, बाह्यांचं स्वेटर घातलेला म्हातारा बाकावर बसून बूट बदलत होता. वाद्याशी चपला नकोत म्हणून मीही सवयीने चपला जिन्याशीच काढल्या होत्या. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि मान डोलावली. मला वाटलं, चला, रीत सारखीच आहे. तेवढ्यात त्याने ते पातळ तळव्यांचे बूट घातले, बाकावर सरकला आणि खालच्या लाकडी पट्ट्यांवर दोन्ही पायांनी वाजवायला लागला! वाद्याला पाय! मी नकळत हात जोडले. लुसियाँ खो खो हसला.

"मादाम, याला पाय लावले नाहीत तर हा रागावतो."

दांडा ऑर्गनच्या कुशीत, मागच्या बाजूला होता. हा लांब लाकडी दांडा वर-खाली केला की आतला खोलीएवढा भाता भरतो. शेजारी दोरीला शिशाचं एक वजन लोंबतं. भात्यातली हवा कमी-जास्त होईल तसं ते सरकतं. लाकडावर दोन खुणा आहेत, त्यांच्या मध्ये वजन राहिलं पाहिजे. मी पदर खोचला आणि दहा मिनिटं दांडा मारून दाखवला. निनाद मागून आला होता. "अहो आई, मी जिमला जातो, मी करतो ना!" त्याने मारलेल्या पहिल्या सहा दणक्यांत वजन दोन्ही खुणांच्या बाहेर जाऊन आलं. त्याला मी खाली पाठवलं.

"छान," लुसियाँ मला म्हणाला. "एकच सांगतो. हवा एकसारखी हवी. मी काय वाजवतोय त्याकडे लक्षच देऊ नका. हवेला स्वतःचं मत नसावं."

मग मोरीनने थर्मासमधला चहा ओतला आणि मी त्याला त्याची हकीकत विचारली. नॉर्मंडीतल्या एका गावात त्याचे वडील पाव भाजायचे. तिथल्या आंधळ्या ऑर्गनवादकाने त्याला शिकवलं. गुरूंना कागद दिसायचा नाही, म्हणून धडा असा: ते चार-पाच सुरांची एक ओळ गुणगुणायचे, आणि शिष्याने ती घेऊन पुढे जायचं, तिला उलटी करायची, ताणायची, आडवी घालायची, आणि घरी आणून सोडायची. एकदा वाजवलेलं पुन्हा वाजवलं तर छडी. पुढे पॅरिसला शिकला, स्पर्धेत दुसरा आला. "पॅरिसमध्ये दुसरा येणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो," तो म्हणाला. "मोठ्या चर्चमध्ये रविवारी पहिला वाजवतो. मंगळवारच्या पावसात, सात माणसं आलेल्या प्रेतयात्रेला दुसरा वाजवतो. अकरा वर्षं मी पॅरिसच्या मेलेल्यांसाठी वाजवलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही."

एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी बदली महिनाभर या गावात आला. गायकवृंदात शाळेतली एक बाई होती, नोरा. महिना चौतीस वर्षांचा झाला.

मनाने वाजवायचं तरी कधी, असं मी विचारलं, तर म्हणाला, फादर एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात, लोक रांगेने प्रसाद घ्यायला येतात, त्याला किती वेळ लागेल कुणी सांगावं? तेवढा वेळ भरायचा. मला हसू आलं. हे तर आमचंच! बुवा पाणी प्यायला, उपरणं सारखं करायला थांबले की तेवढी जागा पेटीवाल्याने भरायची. मी त्याला हे सांगितलं तर तो एकदम पुढे सरसावून बसला.

"आणि ओळ कोण द्यायचं तुम्हाला?" मी विचारलं.

"नोरा. दर रविवारी कागदाचा चिटोरा माझ्यापुढे ठेवायची. कधी पक्ष्याचा आवाज, कधी दूधवाल्याची शीळ. आता कोण देणार?" त्याने पुस्तक उघडलं. "मला चिटोरे मिळाले नाहीत असं नाही, मादाम. गावातल्या सगळ्यांनी दिले. पण त्यांतला एकही मला ऐकू येत नाही."

मी चहा संपवला.

रविवारी सकाळी चर्च गच्च भरलं होतं. मी निळी इरकल नेसून ऑर्गनच्या मागे उभी. दांड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि सुरू केलं. लुसियाँ मला दिसत नव्हता. फक्त तो उलटत असलेल्या पानांचा आवाज यायचा. पहिला अर्धा तास मी शहाण्यासारखी वागले. वजनाकडे नजर आणि हवेला मत नाही.

मग प्रसादाची वेळ आली. खाली लोक रांगेने निघाले आणि त्याने एक संथ रचना घेतली. आदल्या दिवशी सरावात मी ती ऐकली होती. पुस्तकातलीच, पण वाजवणारा हात असा होता की माझे डोळे मिटले. आणि तिथेच घात झाला. गाणाऱ्याची ओळ संपत आली की आम्ही पेटीवाले भाता सैल करतो, सूर हलकेच विझू देतो. हे कुणी शिकवावं लागत नाही, चाळीस वर्षांत ते हाताच्या हाडात जातं. लुसियाँची ओळ संपली, माझा हात सैल पडला. पुढची ओळ संपली, पुन्हा पडला. मी साथ करत होते! मोठ्या भात्यात हवा साठून असते, म्हणून आधी काही कळलं नाही. पाचव्या-सहाव्या ओळीला साठा संपला, आणि वाजत असलेले सगळे सूर एकदम खाली घसरत गेले, व्यायला झालेली म्हैस कण्हावी तसे. मग काहीच नाही.

डोळे उघडले तर वजन खुणेच्या कुठल्या कुठे. या माणसाचा शेवटचा रविवार, आणि सातासमुद्रापलीकडून येऊन मी त्याची माती केली. मी वेड्यासारखी दांडा हाणायला लागले. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, निनाद आला. या वेळी काही न बोलता त्याने माझ्या हातांशेजारी दांडा धरला, आणि मी त्याला हाकललं नाही.

भाता भरला. तरी ऑर्गन गप्पच. खाली कुणी खोकलं. पान उलटल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते.

तो आवाज आला नाही. त्याऐवजी तीन सूर आले, एकाखाली एक घसरणारे. माझीच चूक, पण आता नीट सुरात, मुद्दाम वाजवलेली. मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. पुन्हा तेच तीन, जरा खालून. मग पायांनी तेच तीन, अगदी तळातून, की दांडा माझ्या हातात थरथरला. मग तेच उलटे, खालून वर चढणारे, एकावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे. हे पुस्तकात नव्हतं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

निनादला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तो कुजबुजला, "आई, हे कालचं नाहीये ना?" मी मान हलवली. प्रसाद कधीच संपला होता. फादर खुर्चीत जाऊन बसले आणि बसूनच राहिले. आम्ही सासू-जावई दांडा मारत होतो, एकसारखा, वजन खुणांच्या मधोमध. माझे खांदे पेटले होते. तो हवेचा शेवटचा थेंब मागत गेला आणि आम्ही देत गेलो. शेवटी ते तीन सूर त्याने एकेक करून खाली आणले आणि शेवटचा इतका वेळ धरून ठेवला की थांबला केव्हा ते मला समजलं नाही.

पुढे आले तर लुसियाँ हात मांडीवर ठेवून बसला होता. डोळ्यांचं पाणी त्याने पुसलंही नव्हतं.

"मी चुकले," मी म्हटलं. "माफ करा. सवयीने हात सैल पडला."

"हो, चुकलात," तो म्हणाला. "फार वाईट चुकलात. छडी द्यायला हवी." मग माझे दोन्ही हात त्याने आपल्या मोठ्या हातांत घेतले. तळव्यांना फोड आले होते, तरी मी हात काढून घेतले नाहीत.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि केक होता. लोकांना तेच पुन्हा ऐकायचं होतं. मोरीनने तर फर्माईशच केली. त्याने खांदे उडवले. गेलं ते, म्हणाला. कुणी ध्वनिमुद्रण केलं नव्हतं. त्याच्या सबंध आयुष्यातल्या अशा वाजवण्याचा एक सूरही कुठे साठवलेला नाही, आणि मी ते भात्याच्या मागून, निम्मं कानांनी आणि निम्मं खांद्यांनी ऐकलं. सोमवारी परतीच्या वाटेवर निनादने गाडी चालवता चालवता दोनदा मनगट झटकलं. त्याच्या जिमबद्दल मी काही बोलले नाही.

पुढच्या महिन्यात साताऱ्याला परत आले. लोक विचारतात, आयर्लंडात काय पाहिलंस? समुद्राचे कडे मी पाहिले, किल्लेही पाहिले, पण सांगायला बसले की मला दांडा आणि वजनच आठवतं. चुकांचं कौतुक करू नये असं मी आयुष्यभर मुलांना शिकवलं आणि अजूनही मला तेच वाटतं. ती चूक आठवली की आजही माझे कान गरम होतात. त्या चुकीतून तो स्वतः वर आला, त्यात माझं काही नाही. आणि तरीही, एवढं मला कधी कुणाच्या साथीत मिळालं नव्हतं, हेही खरंच.

दिवाळीच्या सुमाराला मोरीनचं पत्र आलं. मोटर दुरुस्त झाली, लोणचं संपलं, पाऊस चालू आहे. आणि शेवटी लिहिलं होतं की, लुसियाँ फ्रान्सला गेल्यावर सज्ज्यातला प्रेस (भिंतीतलं कपाट) उघडला, तर त्याची वाजवायची सगळी पुस्तकं आतच. एकही नेलेलं नाही. बिचारा म्हातारपणी गडबडीत विसरला असेल, टपालाने पाठवावीत का, म्हणून तिने त्याच्या बहिणीच्या घरी फोन केला. बहिणीने सांगितलं, तो घरी नाही, तिथल्या चर्चमध्ये वाजवायला गेलाय. तिने रात्री पुन्हा फोन केला तेव्हा तो स्वतः बोलला.

विसरलो नाही, म्हणाला.