नापास कादंबरी आणि चेंडूफेकीचं पुस्तक

चार वाचणारी माणसं एका सतरंजीवर बसली, की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची आमची मेहकरच्या वाचनालयाची पुस्तक-समिती अशीच. रिवाज असा, की नवं पुस्तक ज्याची पाळी असेल त्यानं घरी नेऊन पूर्ण वाचायचं आणि रविवारी उभं राहून ‘पास’ की ‘नापास’ ते कारणासकट सांगायचं. नापास पुस्तक परत!

*

उंद्रीच्या पाटलांकडे एकदा रहस्यकथा गेली. रविवारी उठून म्हणाले, “पास! लई भारी हाय. खून मुनीमानं केला, पण शेवटपर्यंत समजत नाही!”

पुढं ती कुणी नेलीच नाही. पाटलांच्या पोटात कुठलाच शेवट राहत नसे.

*

मग कुठल्याशा परदेशी संस्थेचं पार्सल आलं. त्यात पोरांना बेसबॉलचा चेंडू फेकायला शिकवणारं इंग्रजी पुस्तक! बेसबॉल आमच्यापैकी कुणाच्या बापानं पाहिला नव्हता. चित्रातला पोरगा एक पाय छातीपर्यंत उचलून उभा.

पाटील म्हणाले, “काऊन बे, काटा रुतला काय याले?”

आम्ही पोट धरून हसलो. इंग्रजी येणारे एकटे आमचे रिटायर हेडमास्तर गुरुजी. पुस्तक त्यांना दिलं.

*

त्याच दिवशी पाळीनं एक कादंबरीही गुरुजींच्याच वाट्याला आली. बापाशी भांडून मुलगा घर सोडतो आणि आई वाट पाहत राहते, अशी गोष्ट. गुरुजींचा मुलगा मधुकर असाच भांडून गेलेला, त्याचं साधं कार्डही नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक! पण पाळी मोडायची कशी? आम्ही मेल्यांनी ती त्यांच्याच हाती दिली. आजही त्याची लाज वाटते.

गुरुजींची बायको, आमच्या काकू, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना वाचता येत नसे, म्हणून गुरुजी प्रत्येक पुस्तक मोठ्यानं वाचत. मी शेजारी, सगळं ऐकू यायचं. कादंबरी संपली तेव्हा काकू रडल्या. मग त्यांनी चेंडूफेकीचंही वाचायला लावलं. गुरुजी मराठीत सांगत. बाप उकिडवा बसून पोराचा चेंडू झेलतो, दमला की त्याचा खांदा शेकतो.

प्रत्येक धड्याला काकूंचा एकच प्रश्न, “मंग? पोरगं आलं घरी?”

*

रविवारी गुरुजी उभे राहिले. “कादंबरी नापास.”

“काऊन जी? चांगली तं हाय,” पाटील म्हणाले.

“शेवटी पोरगं येत नाही. घरी तुमच्या काकूले वाचून दाखवताना मी आणलं त्याले. इथं ठेवली, तं कोणी तिले खरा शेवट सांगन.”

पाटलांनी मान खाली घातली. विषय बदलावा म्हणून मीच विचारलं, “अन् ते चेंडूचं? तेही परतच ना?”

“पास,” गुरुजी म्हणाले. “त्याच्यात पोरगं रोज घरी येते.”