अर्ध्या ओट्याचा धडा

चौथीला परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईंना शाळेत सगळे ‘पसारा बाई’ म्हणत. तोंडावर नव्हे. तोंडावर ‘बाई, तुमच्या कामाबद्दल काय बोलावं!’ असं म्हणत आणि खरोखरच काही बोलत नसत. बाईंच्या वर्गात खोकी, सुतळीची गुंडाळी, गंजलेली कुलपं, मातीचे गोळे आणि या सगळ्यात लोळणारी मुलं असा भरला संसार असे. शेजारच्या वर्गातून मात्र नकाशाची व्याख्या एका सुरात ऐकू येई. तिथल्या मुलांना ती झोपेतही म्हणता यायची. फक्त नकाशा हातात दिला की तो उलटा धरायची.

घरीही बाईंचं कौतुक काही कमी नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्याच्या दुकानातले डबे एकेक करून नाहीसे व्हायचे. सासूबाई म्हणायच्या, "लोकांच्या सुना बाहेरून घरात काहीतरी आणतात. आमची घरातलं उचलून शाळेत नेते."

त्या वर्षी ‘आपली शाळा’ हा धडा आला. ‘शाळेला प्रशस्त मैदान असते,’ असं पुस्तकात छापलेलं होतं. वाचून दाखवायचं आणि पान उलटायचं, इतकं सरळ काम. पण सरळ काम बाईंच्या हातून कधी झालंय? त्यांनी मुलांना सुतळी दिली आणि मैदानात पिटाळलं. "मोजा. दिसेल ते काढा. पटणार नाही ते विचारा."

मुलांनी मैदान मोजलं. त्याला फार वेळ लागला नाही, कारण प्रशस्त मैदानात पळायला सुरुवात केली की लगेच भिंत यायची. त्या भिंतीला चिकटून सिमेंटचा एक ओटा होता. वर्गातली चष्मेवाली त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हा अर्धाच का बांधलाय?"

बाई दुपारचा डबा रोज त्याच ओट्यावर बसून खायच्या. अर्धगोल ओटा भिंतीत घुसल्यासारखा दिसतो, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "शोधू या."

मुलं आधी मुख्याध्यापकांकडे गेली. "ती कलात्मक रचना आहे," सरांनी सांगितलं. कारकून म्हणाले, "आधीपासूनच आहे." या शाळेत कुठल्याही प्रश्नाचं हे शेवटचं उत्तर असायचं. खेळाच्या सरांनी मुलांना प्रश्न विचारण्याऐवजी पळायला सांगितलं. मग बाईंनी मुलांना गृहपाठ दिला: घरात कुणी या शाळेत शिकलं असेल तर त्यांना विचारून या. स्वतःही तो करायचं ठरवलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, तुम्ही आमच्याच शाळेत होतात ना? तो अर्धा ओटा कधी बांधला?"

"अर्धा? गोल आहे की तो! मधे झाड होतं मोठं. पकडापकडी खेळताना त्याला गरागरा फेऱ्या मारायचो आम्ही."

"पण मधे भिंत आहे, आई."

"भिंत कसली? पलीकडे तर आणखी तेवढंच मैदान होतं. तुझ्या शाळेला कुणी कापून खाल्लं की काय?"

दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आपापल्या आजी-आजोबांकडून तेच ऐकून आला होता. मग मुलं वरच्या मजल्याच्या गॅलरीत गेली आणि भिंतीपलीकडे डोकावली. ओट्याचा उरलेला अर्धा भाग तिथे सुखात होता. त्यावर फुलझाडांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. बाग शाळा समितीच्या अध्यक्षांची होती.

येत्या शनिवारी वर्गाचं प्रदर्शन होतं आणि प्रमुख पाहुणे अध्यक्षच होते. पाहुणे कोण बोलवायचे ते अध्यक्ष ठरवत, त्यामुळे दर वर्षी योग्य माणूस मिळायचा.

मुलांनी शाळेची मातीची प्रतिकृती केली. गोल ओटा, आणि त्याच्या छातीवरून गेलेली पुठ्ठ्याची भिंत. मुख्याध्यापक शुक्रवारी आले, बघितलं आणि खुर्ची शोधू लागले.

"बाई, तेवढा ओटा काढा."

"सर, पण तो आहे."

"आहे म्हणून काय झालं? सगळंच दाखवायचं असतं का? मुलांना डोंगर करू दे. नदी करू दे. नदीवर कुणाची हरकत नसते."

रात्रभर बाई कूस बदलत राहिल्या. नोकरी जाईल, बदली होईल, निदान गॅदरिंगच्या जेवणाची जबाबदारी तरी नक्कीच गळ्यात पडेल. सकाळी त्या वर्गात गेल्या आणि ओट्याला हात लावला. माती अजून ओली होती. चष्मेवाली म्हणाली, "बाई, चुकलंय का काही?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि हात पुसला.

अध्यक्ष आले. प्रतिकृतीपुढे जरा जास्तच वेळ उभे राहिले. मग हसले. "वा! मुलांची कल्पनाशक्ती दांडगी आहे." त्यांनी वर्गाला कल्पनाशक्तीचं बक्षीस जाहीर केलं. सोमवारपासून बाईंकडचा परिसर अभ्यास काढून त्यांना हस्ताक्षराचा तास देण्यात आला.

पण प्रदर्शन बघायला आलेल्या, मागे उभ्या असलेल्या आजी-आजोबांना कुणी बक्षीस दिलं नव्हतं. त्यांनी गोल ओटा बघितला होता. त्याच सोमवारपासून दुपारी त्यातले काही जण अर्ध्या ओट्यावर येऊन बसू लागले. सासूबाई तर स्वेटर विणायला घेऊन जात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पालकाला झाड कुठे होतं ते दाखवत. पालकांनी शाळेच्या जागेच्या मोजणीची मागणी केली. समितीची निवडणूक तोंडावर होती.

आणि एका सकाळी अध्यक्षांच्या उदार अंतःकरणाला पाझर फुटला. त्यांनी शाळेला मैदानासाठी जागा दान केली. भिंत पाडली, कुंड्या हलल्या, संगमरवरी पाटी लागली: ‘भूमिदान’. समारंभात आभाराचं भाषण वाचायला मुख्याध्यापकांनी पसारा बाईंनाच उभं केलं. शाळेचीच जागा शाळेला दिल्याबद्दल बाईंनी स्वच्छ उच्चारात आभार मानले. समोर पहिल्या रांगेत सासूबाई इतक्या जोरात टाळ्या वाजवत होत्या की अध्यक्षांना ते कौतुक खरंच वाटलं.

भाषण संपायच्या आत मुलं ओट्याभोवती पळत सुटली होती. त्यांना कुणी थांबवलं नाही.

परिसर अभ्यास बाईंना परत मिळाला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. मुख्याध्यापकांनी दारातच गाठलं. "बाई, पुढचा धडा कुठला?"

"‘आपल्याकडे पाणी कुठून येते?’"

"फक्त वाचून दाखवा. हात जोडतो."

"बरं सर," बाई म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. वर्ग रिकामा होता. मुलं पाण्याच्या टाकीकडे गेली होती.