दिवाळसणाची लेन्स आणि धुक्यातला गवा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून घाम फुटतो!

लग्नानंतरचा माझा पहिला दिवाळसण. सासरे साताऱ्याचे, रिटायर्ड सुभेदार. नुसत्या मिशा बघून आपण सावधान उभं राहावं असे! त्यांनी विचारलं, "पाव्हणं, अंगठी घ्यायची का दुसरं काय?" मी म्हणालो, "मामा, लेन्स." डोंगरदऱ्यांचे फोटो काढायचं मला लय वेड, आणि मामांनाही तोच नाद.

पण लेन्स कुठली? दोन पसंत पडल्या होत्या, दोन्ही प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या. एक हातानं फोकस लावायची, दुसरी आपोआप लावणारी. मामा म्हणाले, "ऑटोफोकस घ्या. बटन दाबलं की काम फत्ते!" मी पडलो कुपवाडच्या कारखान्यातला लेथवाला, मशीनचं सेटिंग हातानं लावणारा. "आवं मामा, डोंगर काय पळून जातोय व्हय? हातानंच लावायचा फोकस!"

शेवटी ओळखीच्या फोटोग्राफरकडून दोन्ही एका दिवसासाठी आणल्या. ऑटोफोकस मामांच्या कॅमेऱ्याला, मॅन्युअल माझ्या. जिचा फोटो चांगला, ती लेन्स दिवाळसणाला. निघालो महाबळेश्वरला.

सकाळची वेळ, बारीक भुरभुर. मामा चहा आणायला मागं टपरीकडं गेले, मी कड्यावर एकटा. जरा धुकं फाटलं, तेवढ्यात लांबच्या डोंगरावर फोकस लावला आणि लेन्सच्या फोकस रिंगवर चिकटपट्टी मारून टाकली. लेथवरची सवय हो! एकदा सेटिंग जमलं की कुणी हात लावायचा नाही. चष्म्यावर पाणी साचत होतं, तो काढून खिशात ठेवला.

मागं पाला वाजला. कॅमेरा डोळ्याला लावूनच वळलो, आणि बघतो तर काय! काळं धूड. पाठीवर हे एवढं वशिंड. डुलत डुलत माझ्याकडंच येतंय. गवा!

तुम्ही म्हणाल, कॅमेरा खाली करून बघायचं की! केला ना. चष्म्याविना तो आणखी मोठा दिसायला लागला. मागं दरी, पुढं गवा. आणि तो आला होता टपरीच्याच वाटेनं! मग मामा कुठायत? सुनीताला, म्हणजे बायकोला, काय तोंड दाखवू? तिच्या बापाला घेऊन गेलो आणि एकटाच परत आलो म्हणून सांगू?

मामांना शोधायला धावलो असं सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू? करवंदीच्या जाळीत घुसलो आणि जीव घेऊन पळालो. एक बूट तिथंच राहिला. मागनं ते धूड काहीतरी ओरडत होतं. गवा हाका कशाला मारेल, हे डोक्यातच आलं नाही!

रस्त्यावर टॅक्सीवाले उभे होते. "गवा! आमच्या मामांना गव्यानं गाठलं!"

"किती मोठा हाय?"

"जीपएवढा!"

दोघांनी जॅकचे दांडे काढले. मी सुनीताला फोन लावला. "अगं, तुझे बाबा... गवा..." पुढं हुंदकाच आला. तिनं किंचाळून फोन कट केला.

तेवढ्यात धुक्यातनं तेच धूड रस्त्यावर आलं, आणि रिंग वाजायला लागली. गव्याच्या पोटातून!

दांडे वर गेले. गव्यानं टोपी मागं सारली. आत मामा! मिल्ट्रीचा काळा ऐसपैस रेनकोट, त्याच्या आत पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा, हातात चहाचा थर्मास. फोनवर शांतपणे म्हणाले, "जिता हाय गं मी. न्हाई, गवा न्हाई दिसला. तुझा नवरा दिसला, पळताना."

मी तिथंच मटकन बसलो. मामा जिवंत आहेत म्हणून रडू की माझी अब्रू गेली म्हणून रडू, तेच कळेना.

मामांनी माझा कॅमेरा बघितला. घाबरून बटण दाबलं गेलं होतं. फोकस अजून लांबच्या डोंगरावरच चिकटलेला, त्यामुळं स्क्रीनवर नुसता काळा ढिगारा. "ह्यो मी व्हय?" मग स्वतःचा कॅमेरा पुढं केला. "हाका मारून बी तुमी थांबंना. म्हटलं, पळत्या माणसावर ही लेन्स फोकस तरी धरती का बघावं."

काय धरला होता हो! मागं वळून बघत करवंदीवरनं झेप घेतलेला मी, एक पाय अनवाणी, तोंडाचा आ वासलेला. एकेक काटा मोजून घ्यावा इतका स्वच्छ फोटो!

दिवाळसणाला ऑटोफोकस लेन्स मिळाली. तो फोटो मात्र मामांनी मोठा करून बैठकीत लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "ह्यो कोण?"

मामा मिशीवरून हात फिरवतात. "आमचं जावई. मला गव्यापासनं वाचवायला निघाल्यात."