बोटांवरचा खडू

बोलायला सुरुवात करण्याआधी सर उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांवर चोळायचे. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी बोटांवरचा खडू काही झडत नव्हता. बोटं चोळून झाली की मान किंचित वर, आणि मग, "मुद्दा लिहून घ्या." असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. शाळा सुटते, ते सुटत नाहीत.

जर्मनीत आखनला आमच्या वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी राहायची. तिच्याकडे ते कराडहून सहा महिन्यांसाठी आले होते. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. दोन्ही महायुद्धांची कारणं आणि परिणाम झोपेतून उठवून विचारले तरी क्रमानं सांगायचे, आणि न विचारता तर सांगायचेच. मार्क द्यायची खोडही गेली नव्हती. इथल्या काळ्या पावाला त्यांनी 'काठावर पास' केलं होतं. बसला पैकीच्या पैकी. एकदा बस उशिरा आली, तर वर्गातला पहिला मुलगा नापास झाल्यासारखे दिवसभर खिन्न होते.

मी तेव्हा एल्टर्नत्साइटवर, म्हणजे बाळासाठीच्या रजेवर होते. बाबागाडी घेऊन निघाले की सर सोबतीला यायचे.

आमच्या रस्त्यावर एका घरासमोर फुटपाथमध्ये चार छोटे पितळी ठोकळे बसवलेले आहेत. पहिल्याच दिवशी सरांचा पाय त्यावर पडला. अक्षरं दिसताच त्यांनी पाय झटकन मागे घेतला, वाकून पितळेला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"काय आहे हे?"

"या घरात राहायची त्या माणसांची नावं. ज्यू होती. नाझींनी इथूनच उचलून नेली आणि मारली."

"आणि नावं पायाखाली?" सर एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते रोज तिथं वळसा घालून सायकलच्या पट्ट्यातून जायचे. सायकलवाले घंटी वाजवून खेकसायचे, सर हात वर करून "सॉरी, सॉरी" म्हणायचे. चुकून पाय लागलाच, तर पुन्हा वाकायचे. गुडघे दुखत असूनही.

त्यांची नात रेवा नववीत होती. इथंच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून. सरांना जर्मन येत नव्हतं, तरी दोघांचं छान जमायचं. ती शाळेतून आली की आजोबांच्या ताटातली पोळी पळवायची आणि सर तिचे मार्क कापायचे.

एके दिवशी तिच्या वर्गाची सहल एका जुन्या छळछावणीला गेली होती. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. रेवा परत आली ती ताटाला हात न लावता बसून राहिली. सरांना तिची समजूत घालायची होती, हे मी शपथेवर सांगेन. पण समजूत घालायची म्हणजे शिकवायचं, याशिवाय दुसरा मार्ग त्यांना ठाऊकच नव्हता. त्यांनी बोटं चोळली.

"हे बघ रेवा, वाईट झालं. पण प्रत्येक युद्धाला दोन बाजू असतात. त्या मिशीवाल्यानं देश उभा केला, रस्ते बांधले, लोकांना शिस्त लावली. हाही मुद्दा लिहावा लागतो."

आपल्याकडे हे किती सहज बोललं जातं, तुम्हाला माहीत आहे. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत. त्या टेबलावर मात्र ते वाक्य पडलं आणि रेवाचा चेहरा पांढरा पडला.

"वेल्शे त्स्वायटे झाइटे?" ती म्हणाली. पुढचं भराभर बोलली. तिची आई नुसती ताटाकडे बघत होती, म्हणून मीच सांगितलं, "सर, ती विचारतेय, कुठली दुसरी बाजू? माझ्याएवढ्या मुलींना मारलं, त्याची दुसरी बाजू कुठली?"

"आमच्या पुस्तकात त्यावर दीड ओळ होती," सर हळूच म्हणाले.

तेव्हा रेवा, जी कधी मराठीतून उत्तर देत नसे, ती मराठीत बोलली. "आजोबा, चुकलं म्हणा."

सर बोटं चोळत राहिले.

त्या दिवसापासून रेवा ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली. मी तिला पितळी ठोकळ्यांची गोष्ट सांगून पाहिली. "ते रोज वाकतात गं." ती जर्मनमधून म्हणाली, "पायाखाली वर्तमानपत्र आलं तरी ते वाकतात." खरंच होतं ते.

मग फिरताना सरांना गाठलं. "सर, एक वाक्य आहे. म्हणून टाका ना."

"अगं, तेच शिकवलं जन्मभर. माझ्या वर्गातली पोरं आता स्वतः मास्तर झालीत. ती पुढं तेच शिकवतायत. चूक म्हटलं, तर त्या सगळ्यांना कुठं गाठू?"

"त्यांना राहू द्या. रेवा तर घरात आहे."

सरांनी चाल वाढवली. मला त्यांचा संताप आला, आणि कीवही आली. ठोकळ्यांपाशी त्यांनी नेहमीसारखा वळसा घातला.

सर कराडला परत जाताना रेवा स्टेशनवर आली. बॅग उचलून दिली, पायाही पडली. सरांनी डोक्यावर हात ठेवून "अभ्यास कर" म्हटलं आणि गाडीत चढले. त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. रेवा तेव्हा नेमकी बाहेर असायची.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. मुलगी शेवटच्या दिवसांत कराडला त्यांच्याजवळ होती. बातमी द्यायला रेवाच खाली आली. दारातच उभी राहून मराठीत बोलली. वाक्य जुळवायला तिला वेळ लागत होता.

"आई म्हणाली, आजोबा शेवटी असं करत होते." तिनं तीन बोटं एकमेकांवर चोळून दाखवली. "पण बोलले नाहीत. काय म्हणणार होते?"

मला वाटतं, 'मुद्दा लिहून घ्या' हेच जुनं वाक्य असणार. दुसरं असेल, असं मानायला मला आवडलं असतं. तिला यातलं काही सांगणं मला जमलं नाही.

"माहीत नाही गं," मी म्हणाले.

ती तशीच उभी राहिली, बोटं चोळत. मी आत ये म्हणाले, पण ती आली नाही.